जुन्या पंचांगाचा समास

पाडव्याच्या आदल्या दुपारी उत्तराने खुंटीवरचं जुनं पंचांग काढलं. उद्या नव्याची पूजा व्हायची, हे माळ्यावर जायचं. डोंबिवलीला बिऱ्हाड केल्यापासून चित्राच्या बारीकसारीक नोंदी तिने याच्याच समासात पेन्सिलीने केल्या होत्या. पोर आता दीड वर्षाची झाली होती.

चित्राने ओढू नये म्हणून मांडीखाली दाबून ठेवला होता बी.टी.च्या, म्हणजे शिक्षिकेच्या पदवीच्या, प्रवेशाचा अर्ज. जूनपासून रोज मुंबईला जायचं, चित्राला सासूबाईंजवळ ठेवायचं. नवरा, त्र्यंबकराव, कचेरीत जाताना एवढंच म्हणाले होते, "तुझं तू ठरव. पण आज टपालात पडायला हवा." सरलं वर्ष एकदा नजरेखालून घालावं नि मगच सही करावी, असा तिचा विचार.

आषाढ, ताप. श्रावण, जुलाब. भाद्रपदात पाटावरून पडली. कार्तिकात खोकला, पौषात पुन्हा ताप. पानागणिक तिचं अवसान गळत गेलं. आपण घरात असताना ही तऱ्हा.

"काय गं, वर्षफळ वाचतेस की काय?" सासूबाई, गंगुबाई, कडुलिंबाचा पाला निवडत होत्या. चित्रा त्यांच्या पाठीला लोंबकळत होती. "मोठ्याने वाच की."

तिने वाचलं.

"आणि दात?"

"कसला दात?"

"नागपंचमीला पहिला दात नाही का आला? वाटीवर टक् वाजला तर तूच रडलीस. चंपाषष्ठीला चालली, ती थेट माझ्या भरिताच्या पातेल्याकडे. ते कुठाय?"

चंपाषष्ठीपुढचा समास कोरा होता.

"ताप आला ते लिहिलंस, उतरला ते नाही. परक्याने वाचलं तर म्हणेल, पोर वर्षभर अंथरुणातच होती. एवढ्या शिकलेल्यांना अर्धंच दिसतं होय गं?"

उत्तराला हसू आलं, डोळेही भरले. "आई, रोज आवरेल तुम्हाला ही? फार खोडकर आहे."

"तुझा नवरा आवरला मी. त्यापुढे ही गाय आहे."

मग सासूबाई तिथी सांगत गेल्या आणि उत्तरा लिहीत गेली. आषाढातल्या तापापुढे लिहिलं, तिसऱ्या दिवशी उतरला. शेवटी तिने अर्ज काढला, चुरगळलेला कोपरा सारखा केला आणि सही केली.

पाकीट घेऊन निघाली ती उंबऱ्यातून परत वळली. "मी नसताना अंग तापलं तर लिहून ठेवाल?"

"मला कुठं लिहिता येतं? संध्याकाळी आलीस की सांगेन. आधी काय काय खाल्लं ते, मग ताप."