निळ्या दोऱ्याचे तीन टाके

"पप्पा, जरा बसा ना हिच्यावर," हिमानी म्हणाली, आणि कमळाकर मुकाट्याने बॅगेवर जाऊन बसला.

तरी चेन लागेना. बॅगेत थर्मलचे तीन जोड होते, लोकरीचे मोजे होते, कानटोपी होती आणि सगळ्यांच्या खाली शालनने गुपचूप सरकवलेला सुक्या चटणीचा डबा होता. हिमानी येत्या शनिवारी ऑफिसातल्या चौघांबरोबर गुलमर्गला निघाली होती. स्कीइंगचा पाच दिवसांचा कोर्स. पायाला बांधायच्या पट्ट्या, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात; कपडे मात्र आपले आपण न्यायचे.

"पहिला दिवस नुसतं पडायलाच शिकवतात," हिमानीने माहिती दिली.

"पडायला काय शिकवायचं?" शालन कणीक मळता मळता म्हणाली. "आपल्या बाथरूमात पाठव त्यांना."

सव्वीस वर्षांपूर्वी शालनच्या मावशीने हिमानी हे नाव सुचवलं, तेव्हा त्याचा बर्फाशी काही संबंध आहे हे अंबरनाथ पूर्वेच्या त्या वन-रूम-किचनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगी नावाला जागली, असं कमळाकर गेला महिनाभर ज्याला त्याला सांगत होता. घरात विमानात बसणारी ही पहिलीच.

तो स्वतः उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हरेश सेठच्या कारखान्यात जॅकेट शिवायचा. बावीस वर्षं झाली. सेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला मास्टर म्हणायचे. "जॅकेट मी शिवून देतो की," असं तो हिमानीला महिन्यापूर्वी म्हणालाही होता.

"पप्पा, प्लीज," ती म्हणाली होती. "सगळे ब्रँडेड घालून येणार. मी काय उल्हासनगरचा माल घालून फोटो काढू?"

मला काही वाटलं नाही, असं त्या दिवशी त्याने शालनला दोनदा सांगितलं. दुखावलेला माणूस हे एकदा सांगून थांबत नाही. त्याच आठवड्यात ती फोनवर कुणाला तरी "माझे पप्पा गारमेंट एक्स्पोर्टमध्ये आहेत" असं सांगत होती, तेही त्याने ऐकलं होतं. ते मात्र त्याने शालनला सांगितलं नाही.

बेल वाजली. कुरिअरवाला होता.

हिमानीने दातांनीच पुडकं फाडलं. आतून गडद लाल जॅकेट निघालं. ते तिने घरातल्या घरातच चढवलं, टोपी डोक्यावर ओढली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली.

"ग्लेशियर किंग. कॅनडाचं आहे. उणे पंचवीसपर्यंत चालतं. सेलमध्ये होतं म्हणून साडेसहा हजारात मिळालं, नाहीतर डबल आहे. मीच लिंक टाकली ग्रुपवर, सगळ्यांनी हेच मागवलं. बघा ना पप्पा, फिनिशिंग बघा. तुम्हाला कळतं ना त्यातलं."

कमळाकर बॅगेवरून उठला. त्याने कॉलर दोन बोटांत धरली, बाहीवरून हात फिरवला. कॉलरचा टोकाजवळचा वळसा पाहिला, आणि त्याचा हात थोडा थांबला. मग त्याने जॅकेटची चेन उघडून आतला डावा खिसा उलटा केला. अस्तराच्या शिवणीत, कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाहीत असे, निळ्या दोऱ्याचे तीन टाके होते.

कारखान्यात नगावर मजुरी. कुठला नग कुणी शिवला हे कळावं, खराब निघाला तर त्याच्याच अंगावर परत टाकता यावा, म्हणून प्रत्येक कारागिराने आपली खूण ठेवायची असा सेठचा नियम होता. कुणी पिवळा दोरा घाले, कुणी गाठ मारी. कमळाकरने निळा घेतला होता. तो आपला रंग, म्हणून. बावीस वर्षांत त्याचा एकही नग परत आला नव्हता.

"छान आहे," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.

शिलाई छान होतीच, ती त्याची होती. पण आत काय होतं हेही त्याला माहीत होतं. छातीवर कापसासारखा फुगीर फायबर होता, कारण दुकानात गिऱ्हाईक छाती दाबून बघतं. पाठीत आणि बाह्यांत मात्र कागदासारखी पातळ स्पंजची शीट. वाऱ्याला ती अडवत नाही, आणि ओली झाली की पाणी धरून बसते. दोन सीझनपूर्वी सेठने हा बदल केला तेव्हा कमळाकरने एकदा विचारलं होतं, "सेठ, पीठ में कुछ नहीं?"

"अरे मास्टर, ये पहनके कौन हिमालय चढ़ने वाला है?" हरेश सेठ म्हणाला होता. "स्कूटी पे कल्याण जाएगा और वापस आएगा."

सगळा कारखाना हसला होता. कमळाकरही हसला होता. आता स्वयंपाकघरात हातात पेला धरून उभं असताना त्याला नेमकं ते आपलं हसणं आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय झालं हो?" शालनने विचारलं.

"काही नाही."

दुपारी जेवण करून हिमानी हातमोजे आणायला बदलापूरला हर्षदाकडे, म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे गेली. ती जिन्याच्या खाली उतरते न उतरते तोच कमळाकर चपला घालून बाहेर पडला. रविवार असला तरी सेठच्या गोदामाचं अर्धं शटर उघडं होतं. त्याने चांगल्यातला जाड फायबर तीन मीटर मागितला.

"क्या मास्टर, घर में रजाई बन रही है?" सेठने विचारलं.

"हां सेठ, रजाई," कमळाकर म्हणाला. खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर सेठ पुन्हा हसला असता, आणि कदाचित सवयीने आपणही हसलो असतो, याची त्याला भीती वाटली.

घरी येऊन त्याने शालनला सगळं सांगितलं.  तिने मशिनवरचं कव्हर काढलं, खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि जमिनीवर चादर पसरली. कमळाकरने ब्लेडने खालच्या पट्टीची शिवण उसवायला घेतली. आपलीच शिवण उसवायला जड जाते; चांगली शिवलेली असली तर जास्तच. अस्तर बाहेर ओढून त्याने पाठीची शीट काढली. शालनने ती उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"हे घालून जाणार होती पोरगी?"

"हळू बोल."

"घरात कोण आहे ऐकायला?"

तरी तो म्हणाला, "हळू बोल गं."

दोन्ही बाह्या उसवून झाल्या होत्या, फायबर कापून झाला होता, आणि हिमानी दारात उभी होती. हर्षदा बाहेर निघाली होती म्हणून हातमोजे घेऊन ती लवकर परतली होती. लाल जॅकेट चादरीवर पोट फाडल्यासारखं पडलं होतं.

"मम्मी! हे काय केलंय?" तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "पप्पा, साडेसहा हजाराचं आहे ते! कुणी सांगितलं हात लावायला? तुम्हाला बघवत नाही का दुसऱ्याने शिवलेलं?"

"दुसऱ्याने नाही शिवलेलं," कमळाकर म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने आतला खिसा उलटा करून तिच्यापुढे धरला. तिला काही कळेना. मग त्याने कोपऱ्यातली आपली कामावरची पँट घेतली, आणि पँटच्या फाटलेल्या खिशाला स्वतः घातलेले तसेच तीन निळे टाके दाखवले. रफूच्याही शेवटी तो सवयीने तेच घालायचा. मग तिच्या लहानपणीच्या, शालनने फेकून न दिलेल्या स्वेटरलाही ते आहेत हे तिचं तिलाच आठवलं असावं, कारण ती चादरीजवळ बसून त्या टाक्यांवरून बोट फिरवू लागली.

"लेबल तर कॅनडाचं आहे."

"लेबलं गठ्ठ्याने येतात. वेगळा पोऱ्या लावतो ती, शेवटी."

ती पातळ शीट घेऊन हिमानी बोटांत चोळत राहिली. मग तिने मान वर न करता विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? आत काही नाहीये ते?"

"हो."

"आणि तरी शिवत होता?"

कमळाकरकडे उत्तरं होती. नगावर मजुरी आहे, माल सेठचा आहे, मी नाही शिवलं तर दुसरा शिवेल, तुझी फी ह्याच जॅकेटांवर भरली. ती सगळी खरीच होती. 

"शिवत होतो," तो म्हणाला.

हिमानी रडायला लागली. "मी लिंक टाकली ना सगळ्यांना. चौघांनी घेतलंय हेच. आता त्यांना काय सांगू?"

"घेऊन ये इकडे. ह्याच्यासारखीच सगळी भरून देतो. दोन दिवस रजा टाकतो."

"पण सांगू काय? कुणी शिवलंय म्हणून सांगू?" आणि मग अगदी हळू, "मी ऑफिसमध्ये सांगितलंय, तुम्ही एक्स्पोर्टमध्ये आहात."

"ऐकलंय मी," कमळाकर म्हणाला.

दोघंही मग एकमेकांकडे बघायचं टाळत राहिली. शालनने चहा टाकला. कुणी प्यायला नाही, त्यावर साय धरली.

मंगळवारी संध्याकाळी हिमानी दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. आत चार जॅकेटं होती. कमळाकरने एकेक काढून खिसा उलटा केला. चारपैकी दोन त्याची होती, एक पिवळ्या दोऱ्याचं, एक गाठीचं.

"काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

हिमानी बुटांची लेस सोडत होती. ती बराच वेळ सुटेना.

"सांगितलं, माल डिफेक्टिव्ह आलाय. आमच्याकडे ओळखीचा एक अल्टरवाला आहे, तो करून देईल."

"बरोबर सांगितलंस," कमळाकर म्हणाला, आणि ते बोलताना त्याने चष्मा पुसायला घेतला.

बुधवार-गुरुवार त्याने रजा टाकली, आणखी फायबर आणला आणि खिडकीच्या उजेडात बसून चारही उसवली, भरली, शिवली. इतकं मन लावून त्याने कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. पाठीवर त्याने दुहेरी थर दिला, मनगटापाशी इलास्टिक घातलं. शालनने विचारलं, "खूण घालताय का?" तो म्हणाला, "नको." चौघांच्याही जॅकेटांतले जुने टाके, स्वतःचे आणि दुसऱ्यांचे, त्याने उसवून काढले आणि काळ्या अस्तराला काळा दोरा वापरला. हिमानीच्या जॅकेटाचं काय केलं ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

शुक्रवारी कामावर जाऊन त्याने सेठला एकदा म्हणून पाहिलं, "अगले सीझन पीठ में भी फायबर डालते हैं." सेठ म्हणाला, "डालेंगे मास्टर, भाव तू देगा?" कमळाकरने मान खाली घातली आणि पुढचा गठ्ठा ओढला. 

शनिवारी सकाळी दहाला गाडी आली. बॅग कमळाकरनेच खाली उतरवली. गाडीतून एक उंच मुलगा उतरला, त्याच्या अंगात ते लाल जॅकेट होतं. अंबरनाथच्या उन्हात घामाघूम झाला होता, पण काढायला तयार नव्हता.

"अंकल, मी धर्मेश," तो वाकून म्हणाला. "तुमचा तो अल्टरवाला काय भारी माणूस आहे! काल घालून फ्रीझरसमोर बसलो, कसम से, काही कळलं नाही. हे त्यांना द्याल? आमच्या सगळ्यांकडून." त्याने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. वरून लाल फीत बांधलेली होती.

हिमानी गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. तिने तोंड उघडलं. तिचे ओठ हललेलेही कमळाकरला दिसले. धर्मेश तिच्याकडे बघत होता, गाडीतले तिघं बघत होते. तिच्या तोंडून काही बाहेर पडलं नाही.

कमळाकरने दोन्ही हातांनी बॉक्स घेतला.

"देतो मी त्याला," तो म्हणाला. "सांगतो, मुलांना आवडलं म्हणून. जा, उशीर होईल. हिमानी, चेन गळ्यापर्यंत लावायची हां तिकडे."

तिने मान हलवली. गाडी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. तिचा हात जॅकेटाच्या आत, डाव्या बाजूला होता. खिशात काही शोधत असावी.

वर आल्यावर शालनने बॉक्सकडे पाहिलं. "कुणी दिले हो पेढे?"

"धर्मेशने. त्या अल्टरवाल्यासाठी."

 शालनने पाटावर स्वच्छ रुमाल अंथरला, पाहुण्यांसाठीचा स्टीलचा तांब्या-पेला काढला, बॉक्सची फीत सोडली आणि बशीत दोन पेढे ठेवून ती त्याच्यासमोर सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "घ्या, अल्टरवाले."

कमळाकर हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. त्याने बेसिनवर जाऊन हात धुतले, पुसले, आणि पाटावर नीट मांडी घालून बसला. एक पेढा उचलून त्याने त्याचे दोन तुकडे केले. अर्धा खाल्ला. अर्धा बशीत हिमानीसाठी ठेवला.