आठ हातांचा संशयित

मी प्रोसेसर बोलतोय. आधीच शपथ घेतो, या हकिगतीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे. सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता मला डोळे नाहीत आणि मी पत्र्याच्या बंद डब्यात बसतो, हा भाग वेगळा.

आकाराने मी बिस्किटाएवढा. पण आत आठ गाभे, म्हणजे आठ हातच समजा. मला आणलं एका मेहुण्याने. तो कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. त्याची ताई आणि भावजी घराच्या पुढच्या खोलीत नाटकांचे, शाळांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ तयार करून देतात.

"मी जोडून देऊ का, भावजी?"

"अरे, तू नुसतं आणून टाक. जोडायला काय, चार स्क्रू!"

माझं काम एन्कोडिंगचं. व्हिडिओतलं प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहायचं आणि बदललं असेल तेवढंच लिहून घ्यायचं. पडदा तोच ना? बाई तीच ना? मग तिचा हात का हलला? संशय हाच आमचा पोटाचा धंदा. तासाभराच्या व्हिडिओत अशी नव्वद हजार चित्रं. हात जितके जास्त आणि चपळ, तितकं काम लवकर.

पण पहिल्याच दिवशी घात झाला. दोन मिनिटं वाऱ्यासारखा पळालो आणि अंगात असा ताप चढला की डब्यावरच्या कपातला गार चहा पुन्हा उकळला! ताप चढला की आम्ही जळून जाऊ नये म्हणून आपोआप हळू होतो. अर्ध्या तासाचं काम तीन तासांवर गेलं.

हे कुणाचं कारस्थान? माझा पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर. ते तीन पंखे लावून मिरवतं. एन्कोडिंग त्यालाही येतं, माझ्याहून झटपट. पण घाईत बारकावे गिळतं. म्हणून ताई नाजूक काम मलाच देते. पोटात दुखणारच! मुद्दाम माझ्याकडे गरम वारा सोडत असणार. हार्डडिस्क कुरकुरत चित्रं उशिरा देते, तिचंही काही खरं नाही. आणि रॅम तर एक शब्द बोलत नाही. गप्प राहणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

भावजींचा संशय मात्र भलतीकडेच. "तुझ्या भावाने वापरलेला माल गळ्यात मारला."

"अहो, माझा भाऊ आहे तो!"

"म्हणून तर फसलो. परका असता तर नीट पारखून घेतला असता."

त्यांनी मेहुण्याला बोलावून तोंडावरच विचारलं.

"सीलबंद दिलाय, भावजी."

"सील काय, परत चिकटवता येतं."

मेहुणा उठला. "ताई, निघतो. आता बोलावल्याशिवाय यायचा नाही."

आठ दिवसांनी भावजींनी मला उपटायला घेतलं. माझ्या डोक्यावरचा, मला गार ठेवणारा कूलर उचलला, तेवढ्यात ताई डोकावली. "हे काय चमकतंय?"

कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. वर ठळक अक्षरांत, 'बसवण्याआधी काढा'. माझी उष्णता कूलरच्या तांब्याच्या तळातून बाहेर जायची, ती या पापुद्र्याशीच अडून बसली होती.

"कूलर कुणी बसवला होता हो?"

भावजी स्क्रू शोधू लागले. मग पापुद्रा निघाला, उष्णता वाहून नेणारा लेप नवा लागला आणि तासाचा व्हिडिओ मी पस्तीस मिनिटांत हातावेगळा केला. भावजींनी मेहुण्याला फोन लावला, "माझं चुकलं रे." तो धावत आला. मला तर गहिवरून आलं.

बरं, आता पुरे. ताईचं डोकावणं आणि तो फोन, एवढं मी रचलंय. बाकी खरं आहे. भावजी खोलीत एकटेच होते. त्यांनी पापुद्रा सोलला, चुरगळून खिशात घातला, मला पुसून पुन्हा बसवलं आणि आत जाऊन म्हणाले, "तुझ्या भावाचा काढून टाकला. दुसरा चांगला आणून बसवलाय, बघ कसा पळतो."

ताईने पाहिलं. मी खरंच पळत होतो. मेहुणा अजून आलेला नाही.

आता मी जितका जोरात पळतो, तितका तिचा भाऊ चोर ठरतो. मुद्दाम हळू व्हावं म्हटलं तर ते मला येत नाही. त्या दुकानात कधी गेलात तर त्या मेहुण्याला एवढंच सांगा, ताईकडे पळतोय तो तूच दिलेला आहे.