हरकत क्रमांक एक्केचाळीस

पालिकेतल्या कारकूनबाईंनी फायलीची नाडी सोडली आणि कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"इथेच बसून वाचायचं. घरी नेता येणार नाही. चौसष्ट हरकती आहेत," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या, "त्यातली एक माझ्या भावजयीची आहे. मनावर घेऊ नका."

छोटीने खुर्ची ओढून घेतली. एकतिशी उलटली तरी सगळे तिला छोटीच म्हणत. चौकातल्या हॉटेलच्या मालकांची ही धाकटी लेक गेल्या वर्षी आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावाची पाटी लावून बसली, आणि पाटी लावून महिना झाला नाही तोच बाबांनी शेजारची मोकळी जागा घेऊन हॉटेल वाढवायचं ठरवलं. नकाशा अर्थातच तिने काढला. जुनं हॉटेल बुटकं, कौलारू. त्याला लागून तिने कागदावर दुमजली इमारत उभी केली होती, पुढून तिरकी, सगळी काचेची, चौकाच्या दिशेने निमुळती होत गेलेली. तिचं चित्र हॉटेलबाहेर, हरकती मागवणाऱ्या पालिकेच्या फलकावर लागलं त्या सकाळी समोरचा केशकर्तनवाला दारात येऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "इस्त्री आहे ही." संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याच्या तोंडी तोच शब्द बसला. जेवायला येणारी माणसं गल्ल्यापाशी थांबून बाबांना विचारू लागली, "काय, तापली का इस्त्री?" बाबा आधी हसायचे आणि मग भांडायचे.

तिने वाचायला सुरुवात केली. काचेवरून ऊन उलटून गाडीवाल्यांच्या डोळ्यांवर येईल. रस्त्याची शोभा जाईल. नवं झालं की आमच्यासारख्यांना तिथे कोण विचारणार. एकाने नुसतं 'डोकेदुखी' असं लिहून सही केली होती. एका बाईंनी चार पानं भरून इमारत सोडून शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल लिहिलं होतं. पंचवीस-तीस कागद उलटेपर्यंत छोटीला धीर आला. लोकांना काही नवं बघवत नाही, एवढंच म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

एक्केचाळिसावा कागद टाइप केलेला होता. खाली नाव नव्हतं.

'स्वयंपाकघर नव्या इमारतीच्या पोटात गेले आहे. त्याला बाहेरची एकही भिंत नाही, त्यामुळे खिडकी नाही. नकाशात पंखे दाखवले आहेत. जी बाई अठ्ठावीस वर्षे त्या शेगडीपुढे उभी आहे, ती दर घटकाभराने खिडकीशी जाऊन मोकळा श्वास घेते. पंख्यापाशी जाऊन कोणी श्वास घेत नाही. बाकी नकाशा फार चांगला आहे. काढणाऱ्या व्यक्तीने राग मानू नये.'

तिने तो पुन्हा वाचला. मग पिशवीतून स्वतःचा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि स्वयंपाकघराच्या चौकोनाभोवती पेन्सिलीचं टोक फिरवलं. चारही बाजूंनी आतल्याच भिंती होत्या. पुढची सगळी जागा काचेला दिली होती, मागची कोठाराला आणि जिन्याला. मध्ये जे उरलं होतं त्यावर तिनेच सुबक अक्षरात 'स्वयंपाकघर' लिहिलं होतं.

"निनावी आहे," कारकूनबाई वाकून म्हणाल्या. "त्याला उत्तर द्यायचं बंधन नाही. सुनावणीत नुसतं वाचून दाखवतात."

ती तिथून थेट हॉटेलात गेली. दुपारची गर्दी ओसरली होती. आई खिडकीपाशी उभी राहून रात्रीसाठी कांदा चिरत होती.

"आई, तू पालिकेत पत्र दिलंस?"

"मी? मी कशाला देऊ? मला तोंड नाही का?"

"मग बोलली का नाहीस? नव्या स्वयंपाकघराला खिडकी नाही ते."

आईची सुरी चालत राहिली. "तुझ्या त्या रेघांतलं मला काही कळत नाही. तुझ्या बाबांनीच बोट ठेवून दाखवलं, ही शेगडी, ही मोरी. मी म्हटलं, आणि खिडकी? तर गप्पच झाले. म्हटलं, छोटीला सांगते, तर माझ्यावरच डाफरले. तिला एक अक्षर बोलायचं नाही म्हणाले. मागच्या वेळचं विसरलीस का म्हणाले." तिने चिरलेला कांदा पातेल्यात लोटला. "दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात दीड तास बसून आले. विचारलं तर म्हणे, नवा मेनू टाइप करून घेतला. अजून काही दिसला नाही मला तो मेनू."

छोटी दाराच्या चौकटीला टेकली.

मागच्या वेळचं म्हणजे सात वर्षांपूर्वीचं. शेवटच्या वर्षाला तिने पुठ्ठ्याची इमारत करून घरी आणली होती. काका, मामा, सगळे जमले होते. बाबा त्या इमारतीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "झकास. पण यात माणसं राहणार की कबुतरं?" सगळे पोट धरून हसले. ती त्याच संध्याकाळी होस्टेलवर परत गेली आणि अडीच वर्षं घरी आली नाही. आईशी फोनवर बोलायची. बाबांनी फोन घेतला की ठेवून द्यायची. नंतर आली तेव्हा कोणीच तो विषय काढला नाही. तेव्हापासून तिने काहीही दाखवलं की बाबा चष्मा लावायचे, नीट बघायचे आणि म्हणायचे, "छान." तिला वाटायचं, बाबा सुधारले.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. कांदा झोंबतोय."

गुरुवारी सुनावणीला सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, दाढी करून, वही घेऊन बसले होते. एकेक हरकत वाचली जाई आणि बाबा उठून उत्तर देत. ऊन उलटणार नाही, काच तशी घेतोय. शोभा कशी जाईल, शोभा येईल. केशकर्तनवाला तावातावाने बोलायला उठला तेव्हा बाबांनी त्याला मध्येच अडवलं.

"तुमच्या दुकानात केस कसे कापायचे ते आम्ही येऊन सांगतो का?"

"गिऱ्हाईकच तर सांगतं," तो म्हणाला, आणि सभागृह हसलं.

मग एक निवृत्त मास्तर उठले. बायको गेल्यापासून अकरा वर्षं ते दुपारी हॉटेलातच जेवत होते. "मला काचेचा राग नाही," ते हळू म्हणाले. "पण एकट्या माणसाला जेवताना सगळ्या चौकाने बघावं, हे बरं वाटत नाही."

"पडदे लावू, मास्तर," बाबा म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

एक्केचाळिसावी हरकत वाचली जायला लागली तसा बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. वाचून संपली तरी पुसतच होते.

"नाव नाही. पुढची घ्या," अधिकारी म्हणाले.

"मला उत्तर द्यायचंय," छोटी उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "हरकत बरोबर आहे. चूक माझी आहे. स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला आणावं लागेल. त्यासाठी पुढची काच निम्मी कमी होईल. मला सहा आठवडे द्या."

बाबा ताडकन उठले. "काही गरज नाही. नकाशा उत्तम आहे. कोणीतरी रिकामटेकडा निनावी कागद टाकतो आणि त्यासाठी पोरीने आपली सगळी मेहनत..."

"बाबा, बसा."

ते लगेच बसले नाहीत. हातातल्या चष्म्याकडे, मग अधिकाऱ्यांकडे बघत उभे राहिले. तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही. वळवली असती तर तिला पुढे काही बोलता आलं नसतं.

सहा आठवडे मिळाले. लोकांना वाटलं, आपण जिंकलो. टाळ्यासुद्धा पडल्या. केशकर्तनवाल्याने दारातच गाठून छोटीचा हात हातात घेतला. "लोकांचं ऐकलंत, मोठं मन लागतं त्याला." ती हो म्हणाली.

बाबा आणि ती हॉटेलकडे चालत निघाले. औषधाच्या दुकानापाशी बाबा म्हणाले, "काच निम्मी म्हणजे ते पुढचं टोकही जाईल?"

"जाईल."

"मला आवडलं होतं ते टोक."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खरंच आवडलं होतं की नाही, तिला काही केल्या कळेना. सात वर्षांतला त्यांचा कुठला शब्द खरा आणि कुठला जपून टाकलेला, हे आता कसं शोधायचं? आणि शोधून तरी काय, त्यांना जपायला शिकवलं कोणी?

हॉटेल अजून उघडायचं होतं. तिने कुलूप काढलं, खिडकीजवळच्या टेबलावरच्या खुर्च्या उतरवल्या आणि नकाशा पसरला. कोपऱ्यांवर चार पाण्याचे पेले ठेवले.

"बाबा, अजून काय काय खटकतंय ते दाखवा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दाखवा."

ते समोर बसले. चष्मा लावला. रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली. मागच्या दाराने आत आलेल्या आईने भांडी मांडल्याचा आवाज येत होता. बाबांनी दोनदा घसा खाकरला. मग त्यांचं बोट कागदावरून हळूहळू सरकत जिन्यापाशी येऊन थांबलं.

"हा जिना," ते म्हणाले, आणि पुढचं बोलण्याआधी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.