क्रेनची मोडणी

आमच्या मंडळाला लोक पोरखेळ म्हणतात. म्हणू देत. साठीकडं झुकलेल्या माणसांनी लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट आणि दातेरी चाकं जोडून पवनचक्क्या करत बसायचं, याला दुसरं काय म्हणणार? माझी बायको तर आमच्या सामानाच्या पेटीला सवतच म्हणते.

मी अंबडला शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. धम्मपाल मंठ्याला बँकेत आहे. सोमेश्वरचं वडीगोद्रीला हायवेलगत जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान होतं. बाकी चार-दोन जण येतात-जातात, पण मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. दर जानेवारीत जालन्याला एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरतं. शाळकरी पोरं येतात आणि हात लावू नका म्हटलं की आधी हातच लावतात.

सामान सगळं सामायिक. कुणाच्या माळ्यावरचे मेकॅनोचे जुने खोके, भंगारवाल्यांकडचे तुकडे, असं करत वर्षानुवर्षं जमवलेलं. मोठी दातेरी चाकं तर आता कुठं मिळतच नाहीत. म्हणून नियम असा, की प्रदर्शन संपलं की त्याच संध्याकाळी प्रत्येक मॉडेल मोडायचं आणि सामान पेटीत परत घालायचं. त्याला आम्ही मोडणी म्हणतो, खळ्यावरच्या मळणीसारखं. आणि दुसरा नियम, ज्यानं बांधलं त्यानंच मोडायचं. कुठला बोल्ट कुठून घातलाय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं, दुसरा नुसती ओढाताण करून पट्ट्या वाकवतो. दोन्ही नियम सोमेश्वरचे, आणि त्यात तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एकदा माझा घड्याळाचा मनोरा इतका देखणा झाला होता की तो घरी न्यायला मी त्याच्या विनवण्या केल्या. “अण्णा, ठेवायचंच असंल तर फोटो ठेवा,” म्हणाला आणि पाना माझ्या हातात दिला.

तो सोमेश्वर गेल्या दिवाळीआधी गेला.

त्याआधी वर्षभर तो मंडळात फिरकला नव्हता. फोन केला की क्रेन करून राह्यलोय म्हणायचा. स्टील कारखान्यांत मोटारी बसवायला जायचा तेव्हा भंगाराच्या यार्डातली चुंबकाची क्रेन त्यानं पाहिली होती, तिच्यासारखी हुबेहूब करायची होती त्याला. क्रेनचं बाळंतपण लांबलं का रे, म्हणून आम्ही त्याची टिंगल करायचो. तोही हसायचा. त्याला स्नायूंचा आजार झालाय हे आम्हाला कळलं ते तो शेवटचा दवाखान्यात गेला तेव्हा. हातांतली ताकद तर कधीचीच गेली होती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावतो. इतक्या वर्षांच्या दोस्तांपासून कुणी असं लपवतं का?

हातच गेले होते तर मग क्रेन पुरी कशी झाली, हा साधा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही.

प्रदर्शनाला वंदनावहिनी, म्हणजे त्याची बायको, क्रेन घेऊन स्वतः आल्या. चार चाकांची भक्कम बैठक, तिच्यावर फिरती केबिन, लांब सोंड, आणि सोंडेला टांगलेलं चुंबक. बटण दाबलं की चुंबक ताटातले खिळे उचलायचं, केबिन गर्रकन वळायची आणि खिळे दुसऱ्या ताटात खळकन पडायचे. पोरांनी दिवसभर गराडा घातला. वहिनी शेजारी उभ्या राहून बटण दाबत होत्या. मध्येच दोरी कप्पीवरून सरकली तर बोटानं हलकेच बसवत होत्या. बघून बघून आलं असेल, असं मला वाटलं.

दुपारी गर्दी पांगली तेव्हा त्या माझ्याकडं आल्या. क्रेन घरी ठेवू द्याल का, असं त्यांनी खाली बघत विचारलं. दुकान त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिलं होतं. मुलगी पुण्यात. “घरात त्यांचं चालतं-फिरतं असं हेच एक हाये,” म्हणाल्या.

बघू म्हणून मी वेळ मारून नेली. कारण मोठी चाकं सगळी त्या क्रेनमध्ये होती आणि मंडळाची एकमेव चांगली मोटारही. ती गेली म्हणजे पुढच्या वर्षी आम्ही दाखवणार काय? शिवाय धम्मपाल. तो नियमाचा माणूस, आणि त्याच्या उघडझाप करणाऱ्या पुलासाठी तो त्याच चाकांची वर्षभर वाट पाहत होता. पण या बाईला नाही कसं म्हणायचं? दुपारभर मी विचार केला आणि मला वाट सापडली.

संध्याकाळी मोडणीला बसलो तेव्हा मी उभा राहून बोललो. नियम सांगतो की ज्यानं बांधलं त्यानंच मोडायचं. क्रेन बांधणारा या जगात नाही. तेव्हा क्रेनची मोडणी होऊच शकत नाही, ती वहिनींकडंच राहणार. धम्मपालनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, “बराबर आहे. नियमात बसतं.” त्याचा पूल बुडाला होता आणि तरी तो हे म्हणाला. मला दोघांचाही अभिमान वाटला, त्याचा थोडा आणि माझा जास्त. अंबडच्या कोर्टात दावा जिंकून आल्यासारखा मी खाली बसलो.

वहिनी क्रेन फडक्यानं पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

“समदी त्यांनी न्हाई बांधली, अण्णा,” त्या म्हणाल्या. “खालची बैठक त्यांची. केबिनपासून वरचं मी बांधलं.”

मग त्याच सांगू लागल्या. त्याच्या बोटांत पाना राहत नव्हता. तो खाटेवरून सांगायचा आणि त्या आवळायच्या. चुकलं की सगळं पुन्हा खोलायला लावायचा, आणि त्या चिडल्या की हसायचा. सोंड तर त्यांनी कितीदा बांधली आणि सोडली, त्याला गणतीच नव्हती.

मी घाईघाईनं म्हणालो, की डोकं सोमेश्वरचं होतं, तुम्ही नुसते हात दिलेत, म्हणजे बांधणारा तोच. धम्मपालनंही जोरजोरात मान हलवली. दुपारी मला सुचलेली पळवाट वाचवायला मी आता काय वाटेल ते बोलत होतो.

“न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “वरचं तुझं हाये, असं त्यांनीच मला म्हणलं होतं. चुंबकानं पहिल्यांदा खिळा उचलला तवा. आता क्रेन ठेवायची तर ते मी बांधलंच न्हाई म्हणावं लागंल. मंग ते बोलले त्ये खोटं पाडू का?”

त्यांनी हात पुढं केला. धम्मपालनं पाना दिला नाही, तेव्हा त्यांनी तो पेटीतून स्वतःच उचलला.

त्यांनी आधी चुंबक सोडवलं आणि दोरी गुंडाळली. मग सोंडेची टोकाकडची पट्टी, तिच्यामागची पट्टी, कप्प्या, केबिनच्या भिंती, मोटार, आणि शेवटी ती मोठी चाकं. कुठं अडल्या नाहीत, कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येक नट आपल्या बोल्टवर परत फिरवून पेटीत ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवत होत्या. सोमेश्वरची हीच सवय होती. त्या रडत नव्हत्या. माझे मात्र डोळे वाहू लागले आणि ते पुसायचंही मला भान राहिलं नाही.

बैठकीपाशी आल्यावर धम्मपाल घाईनं म्हणाला, “बस, वहिनी. खालचं त्याचं. त्याला आता कुणी हात लावायचा नाही.” वहिनींनी पाना खाली ठेवला.

बैठक चादरीत गुंडाळून मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. बस लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा धरून दिली, गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की चला, त्याच्या हातचं एवढं तरी घरात राहील.

वहिनींनी चादरीवरून हात फिरवला.

“हे त्यांनी धडधाकट असताना केलं, अण्णा. दार लावून बसायचे. मी च्या ठेवून माघारी फिरायची, मान वर करून बघत बी नव्हते.” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला वरचं पाह्यजे होतं. ते आमचं दोघांचं होतं.”

कंडक्टरनं घंटी मारली आणि मी खाली उतरलो. तोवर मला वाटत होतं, अर्धी क्रेन तरी मी त्यांना राखून दिली.