डिस्कवरचं नाव

हिमानीने डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि रिमोटचे बटण दाबले. टीव्हीचा पडदा निळा झाला. त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उमटला: कामवाली.

तिने घाईघाईने टीव्ही बंद केला. घरात कुणी नव्हते, तरी तिने मागे वळून पाहिले.

घरकामाला येणाऱ्या गीताबाईंच्या विशाखाचा साखरपुडा झाला, त्याचे फोटो हिमानीने आपल्या कॅमेऱ्यावर मोठ्या हौसेने काढले होते. “आमच्या बाईंच्या मुलीचे फोटो मीच काढले,” असे उस्मानपुऱ्यातल्या साऱ्या बिल्डिंगला सांगूनही झाले होते. कॉम्प्युटरवर घेताना फोल्डरला नाव द्यायचे म्हणून तिने मनात आला तो पहिला शब्द टाइप केला, आणि अख्खे फोल्डर तसेच डिस्कवर उतरवले. एक डिस्क गीताबाईंना, एक त्यांच्या फर्दापूरच्या व्याह्यांसाठी, एक स्वतःला. प्लेअर फोटोंच्या आधी फोल्डरचे नाव दाखवतो, हे तिला आत्ता कळत होते.

गीताबाई सकाळी आल्या. नळाला पाणी आले नव्हते, म्हणून ड्रममधले जपून काढून त्या भांडी विसळू लागल्या. हिमानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“गीताबाई, त्या डिस्क परत आणा बरं. व्हायरस आहे त्यांत.”

“म्हंजी?”

“खराब आहेत. टीव्ही बिघडेल.”

“आमचा तर नाय बिघडला, वैनी. काल गल्लीतल्या समद्या बायांनी बघितलं. साळूबाई तर दोनदा बघून गेली. लई झकास!”

चोराच्या मनात चांदणे. अक्षरे कुणी वाचली का, हे विचारायला हिमानीची जीभ रेटेना.

“आणि फर्दापूरची?”

“ती विशाखापाशी हाय. आयतवारी जावई येणारेत न्यायला.”

म्हणजे व्याह्यांच्या घरी, पाहुणे जमवून, तो शब्द पडद्यावर झळकणार होता. विशाखा शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी करत होती. त्या घरात तिने कोणत्या मानाने पाऊल टाकायचे, ते हिमानीच्या एका शब्दाने ठरले असते. गीताबाई गेल्याबरोबर तिने कॉम्प्युटर लावला आणि नव्या डिस्क केल्या. नाव दिले: विशाखा साखरपुडा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणत तिने चहा टाकला, पण तो तिला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी दोघी आल्या. विशाखा कंपनीतून परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसेच होते. हिमानीने नवी डिस्क लावून दाखवली. गीताबाईंनी पडद्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ह्यात माझं नाव कुठंय?”

“तुमचं?”

“त्यात व्हतं की! सुरुवातीलाच, मोठ्ठं. मला कुठं इंग्रजी येतं? पर विशाखानं वाचून दाखवलं समद्यांला, ‘गीताबाई’ म्हणून.” त्या हसल्या. “पत्रिकेत बी बापाचंच नाव असतंय, वैनी. आईचं कोण घालतं? तुमी घातलं.”

हिमानीने विशाखाकडे पाहिले. विशाखा टीव्हीकडे पाहत होती. तिने पर्समधून दोन्ही जुन्या डिस्क काढून टेबलावर ठेवल्या.

“फर्दापूरची मी देणारच नव्हते, काकू,” ती म्हणाली.

हिमानीला तिथून उठून जावेसे वाटले. पण घर तिचेच होते, जाणार कुठे?

“मी दुसरी करून देते,” ती म्हणाली. “नाव घालून.”

ती कॉम्प्युटरसमोर बसली. ‘गीता’ टाइप केले आणि बोटे थांबली. इतकी वर्षे ही बाई या घरात येत होती. आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे, आणि आपण ते कधी विचारले नाही, याचा हिमानीला केवढा अभिमान होता.

“आडनाव काय लावता तुम्ही?” तिने कीबोर्डकडे बघतच विचारले.

“खरात. गीता पुंडलिक खरात.” गीताबाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “पुंडलिक ऱ्हाऊ द्या. त्यांचं पत्रिकेत हाय.”

विशाखाने एकेक अक्षर सांगितले. हिमानीने तसे टाइप केले, शाळेत बाईंपुढे बसल्यासारखे. डिस्क फिरू लागली. ती तयार होऊन बाहेर आली.

नवी डिस्क टीव्हीवर लागली. विशाखाने नाव मोठ्याने वाचले. गीताबाईंनी पदराने डोळे टिपले, मग टेबलावरची एक जुनी डिस्क उचलून पिशवीत टाकली.

“ही घरी ठिवते. नवी फर्दापूरला जाऊ द्या. ही पयली हाय ना!”

“अहो, ती नको.” हिमानीचा हात पुढे झाला. “ती खराब आहे, गीताबाई.”

“चालती की चांगली!”

विशाखाने आईच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

“असू द्या, काकू,” ती म्हणाली. “वाचून दाखवायला मी आहे.”