दोघांचा भात

"शेवटचं कोण?"

मासळीच्या गाळ्यासमोर आलेल्या बाईनं विचारलं, तसा ओनोरिनानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मी. माझ्यामागे तुम्ही."

बाईनं मान हलवली आणि पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवून ती उभी राहिली. झालं एवढंच, पण ओनोरिनाला फार बरं वाटलं. वलेन्सियाच्या मोठ्या मंडईत तिला ओळखणारं काळं कुत्रंही नव्हतं. तरीही एक बाई आपला नंबर चुकू नये म्हणून तिच्या पाठीवर नजर ठेवून होती.

तेरुएलच्याही वर, डोंगरातल्या एका गावात, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीमागे ओनोरिनाचा जन्म गेला होता. दुसऱ्यांचे नंबर पुकारता पुकारता साठी उलटली. स्वतः रांगेत उभं राहायची वेळ कधी आलीच, तर आईची चाकाची खुर्ची बघून लोक म्हणायचे, "जा, तुम्ही पुढे जा." आज तिला कोणी पुढे जा म्हणत नव्हतं, आणि तिला घाईही नव्हती.

"हं, काय देऊ गं राणी?" मासळीवालीनं सुरी पुसत विचारलं.

"मला काही नको. ह्यांना द्या."

"मग इतका वेळ माझं तोंड बघायला उभी होतीस होय?"

"बांगडे बघत होते."

"बघ बाई, बघ. बघायला फुकट आहेत. तोंडापेक्षा तेच बरे दिसतात."

रांगेतल्या बायका हसल्या. ओनोरिनाही हसली आणि तिथून निघून ऑलिव्हवाल्याच्या रांगेत गेली. "शेवटचं कोण?" तिनं विचारलं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. भावजय होती, मिलाग्रोस.

"कुठायस?"

"रांगेत."

"कसली रांग?"

"आत्ता ऑलिव्हची. आधी मासळीच्या रांगेत होते."

"मासळी घेतलीस? अगं, गाडीत वास मारेल! ऐक माझं, दुपारचीच गाडी पकड. एकटी करणार काय तू तिथं दिवसभर? लोक बघतात गं."

"बघू देत," ओनोरिना म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर तिनं आजूबाजूला बघून घेतलं. कोणीही बघत नव्हतं.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. त्याआधी दर मे महिन्यात दोघी इथे यायच्या, आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आईबरोबर हे शहर म्हणजे फक्त संडासांचा नकाशा होता. कुठल्या दुकानातला रुंद आहे, कुठल्या कॉफीच्या दुकानात पायरी नाही, हे ओनोरिनाला पाठ होतं. या संडासापासून त्या संडासापर्यंत, असंच वलेन्सिया तिनं पाहिलं. यंदा डॉक्टर नव्हते आणि खुर्चीही नव्हती. ती रिकाम्या हातांनी गल्ल्यांतून हिंडली, हातपंख्यांच्या दुकानात जाऊन पंखे उघडून मिटले आणि एका बाकावर ऊन आलं म्हणून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या कोणाला विचारावं लागलं नाही. हे सगळं तिला आवडलं, आणि आवडतंय याची लाजही वाटली नाही.

पण ती खरी आली होती भातासाठी. डॉक्टर झाले की दोघी ट्रामनं समुद्राकडे जायच्या आणि तिथल्या एका खानावळीत भात मागवायच्या. कोंबडी, ससा आणि चपट्या शेंगा घातलेला, दोन कानांच्या पसरट कढईतला. कढई आली की आधी आईला भरवायचं. आईचे दात बेताचे, दृष्टी त्याहून बेताची. एकेक शेंग सोलून, मांसाचं हाड काढून, फुंकर घालून. आईचं होईतो ओनोरिनाच्या बाजूचा भात गारठून गोळा झालेला असायचा. इतकी वर्षं वलेन्सियाला येऊन तिनं तिथला गरम भात एकदाही खाल्ला नव्हता. आज तो खायचा, एवढाच तिचा बेत होता. तो तिनं मिलाग्रोसलाही सांगितला नव्हता, कारण सांगितला असता तर फारच छोटा वाटला असता.

खानावळीच्या दारात तिच्यापुढे एक माणूस उभा होता. त्याला वेटरनं विचारलं, "किती जण?"

"एकटाच आहे. भात मिळेल?"

"भात एकाला नाही करत, साहेब. दोघांपासून पुढे. तुम्ही असं करा, तिकडे काउंटरपाशी उभं राहून आमलेट खा. छान असतं."

तो माणूस मुकाट काउंटरकडे गेला. ओनोरिनानं दारावरच्या पाटीकडे पाहिलं. 'सर्व प्रकारचे भात : किमान दोन माणसांसाठी.' ही ओळ तिथे कायमच असणार. पण इतकी वर्षं ती दोघींमधली एक होती, त्यामुळे तिनं ती कधी वाचलीच नव्हती.

"आणि तुम्ही किती जण, मॅडम?"

"दोन," ओनोरिना म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. पण वेटर तोवर टेबलाकडे चालायलाही लागला होता. त्यानं दोन ग्लास मांडले, दोन चमचे मांडले आणि समोरची खुर्ची नीट केली.

"साहेब मागून येतायत ना?"

"हो. गाडी लावतायत."

"मग झालंच! इथे गाडी लावायची म्हणजे नशीब पाहिजे. सावकाश होऊ द्या. ते बसले की भात टाकतो."

"नाही, तुम्ही टाका ना."

"छे! आधी करून ठेवला तर लगदा होईल. सगळे बसल्याशिवाय आमचा आचारी तांदळाला हात लावत नाही. मी सांगितलं तर मलाच टाकेल कढईत."

तो गेला. ओनोरिना ब्रेडचा तुकडा मोडत बसली. आजूबाजूच्या टेबलांवर कढया येत होत्या, केशराचा आणि धुराचा वास येत होता. शेजारच्या लांब टेबलाभोवती एक अख्खं कुटुंब बसलं होतं. त्यातल्या फिना नावाच्या आजीचं सगळं लक्ष आपल्या ताटापेक्षा ओनोरिनाच्या रिकाम्या खुर्चीवर होतं.

"अगं पोरी, अजून नाही आले तुझे?"

"जागा मिळत नसेल."

"पुरुष असेच. भूक आपल्याला आणि गाडी त्यांना. तोनेत!" आजीनं जावयाला हाक मारली. "जरा बघून ये बाहेर. बिचारी केव्हाची बसलीय."

"नको, नको," ओनोरिना म्हणाली.

"नको काय? त्याला काय काम आहे? नुसता खातोय. कुठली गाडी गं तुमची?"

ओनोरिनाकडे गाडी नव्हती. ती चालवायलाही येत नव्हती. "पांढरी," ती म्हणाली.

तोनेत रुमाल खांद्यावर टाकून उन्हात गेला. वेटर दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. त्याला सगळे चिमो म्हणून हाका मारत होते. आतून आचारी ओरडत होता, "चिमो, त्या सात नंबरचं काय? टाकू का नको?" आणि चिमो ओरडत होता, "थांब रे, त्यांचे मालक यायचेत!" आता अर्धी खानावळ ओनोरिनाच्या नवऱ्याची वाट बघत होती. तिला उठून पळून जावंसं वाटलं. दुपारची गाडी अजून मिळाली असती. मिलाग्रोसनं एका शब्दानं काही विचारलं नसतं, आणि तेच सहन झालं नसतं.

तोनेत घाम पुसत परत आला. "बाई, अर्ध्या गल्लीत पांढऱ्याच गाड्या. नाव काय साहेबांचं? हाक मारून बघतो."

ओनोरिना उभी राहिली. दवाखान्याच्या खिडकीतून नाव पुकारायचा तिचा एक आवाज होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याच आवाजात ती म्हणाली,

"कोणी येणार नाहीये. मला गाडी नाही आणि नवराही नाही. मी एकटी आलेय. भात मात्र दोघांचाच करा, मी खाईन. फक्त गरम आणा."

कुठेतरी चमचा कढईला घासला.

"म्हणजे मी त्या उन्हात कोणाला शोधत होतो?" तोनेत म्हणाला.

"गप रे. जरा घाम गाळलास तर मेला नाहीस," फिना आजी म्हणाली, आणि ओनोरिनाकडे वळून तिनं बाकावर थोपटलं. "ये गं, आमच्यात ये. एकटी कशाला बसतेस? आमच्या कढईत खूप आहे."

एकटी बघून कोणीतरी आपल्यात बोलावेल, याचीच तर ओनोरिनाला सकाळपासून धास्ती होती. म्हातारी मनापासून बोलावत होती, डोळ्यांत पाणीही आणून. गेलं असतं तर दुपार मजेत गेली असती.

"नको, आजी," ओनोरिना म्हणाली. "मी इथेच बसते."

ती खाली बसली. चिमो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं समोरचा ग्लास आणि चमचा उचलला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "सातवर टाक रे भात! दोघांचा! सगळे बसले!"

भात आला तेव्हा कडेला अजून तडतडत होता. त्या भागात ताटलीत वाढून घेत नाहीत, कढईतूनच खातात. प्रत्येकानं आपल्यासमोरून सुरुवात करायची आणि मध्यापर्यंत जायचं, दुसऱ्याच्या बाजूला चमचा घालायचा नाही. ओनोरिनानं पहिला घास घेतला आणि तिची जीभ चांगलीच भाजली. ती पाणी प्यायली नाही. तिनं डोळे पुसून दुसरा घास घेतला. तिनं कोणासाठी शेंग सोलली नाही, हाड बाजूला काढलं नाही, फुंकर घातली नाही. तळाची खरवड सुटेना, तशी चमचा उलटा धरून तिनं ती खरवडून काढली आणि कुरकुर वाजवत खाल्ली. शेजारच्या टेबलाचं तिच्यावरचं लक्ष केव्हा उडालं ते तिला कळलंही नाही.

मध्यापर्यंत आल्यावर तिचा चमचा थांबला. तिच्या बाजूला कढईचा काळा तळ दिसत होता. पलीकडची अर्धी बाजू जशीच्या तशी होती. ससा, शेंगा, सगळं जागच्या जागी.

"बांधून देऊ, मॅडम?" चिमोनं विचारलं.

"नको. थांबा."

तिनं दोन्ही कान धरून कढई फिरवली. भरलेली बाजू समोर आली. तिनं चमचा भरून तोंडात घातला. भात गार झाला होता, दाणे एकमेकांना चिकटले होते, तेल थिजायला लागलं होतं. आणि तेव्हा तिला आईची आठवण आली, दिवसभरात पहिल्यांदा. ती तोंडात घास धरून बसून राहिली.

"गारठला की," चिमो म्हणाला. "द्या इकडे, जरा जाळावर धरून आणतो."

ओनोरिनानं घास गिळला आणि कढईच्या कडेवर हात ठेवला.

"राहू दे. ही आईची बाजू आहे," ती म्हणाली. "आईबरोबर मी गारच खायचे."

चिमोला काही उमगलं नाही. त्यानं पाण्याची बाटली भरून आणून ठेवली आणि तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. ओनोरिना खात राहिली.