शितानं चिकटवलेला हात

जोकबेदच्या फडताळात एक पांढरीशुभ्र बाई बसलेली असे, मांडीवर मूल घेऊन. नवरा सॉल हयात असताना मुंबईत एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानं ती घेतली होती. मूळची ही चीनमधली देवी. तिच्यावरून फार पूर्वी जर्मनीतल्या कारागिरांनी ही चिनी मातीची मूर्ती घडवली, असं त्याला तिथं कळलं. देवी चीनची, घडण जर्मनीची आणि बिऱ्हाड पनवेलच्या ज्यू घरात, जिथं मूर्ती मुळातच वर्ज्य! "शोभेची आहे," म्हणून सॉल वेळ मारून नेई.

एकदा धाकट्या लेकाच्या, आयझॅकच्या हातून ती पडली आणि मांडीवरच्या मुलाचा इवला हात तुटला. मार बसायच्या आत पोरानं ताटातलं भाताचं शीत घेतलं आणि पतंग चिकटवावा तसा तो हात चिकटवून टाकला, वाकडाच. त्याच वर्षी विषमज्वरानं आयझॅक गेला. त्याचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. त्याच्या हातचं म्हणून जगात तेवढं एक शीत उरलं. जोकबेद मूर्तीवरची धूळ फुंकरीनं उडवी, पाणी कधी लागू देत नसे.

पुढे सॉलही गेला आणि मायलेकींचं इस्रायलला जायचं ठरलं. थोरली हेप्झिबा म्हणाली, "आई, तिकडे मूर्ती घेऊन जायची?" जोकबेदनं शेजारच्या कमळाबाईच्या हातात ती ठेवली. "सांभाळ गं," एवढंच म्हणाली. शिताचं सांगायला गेली असती तर रडू फुटलं असतं, म्हणून ते सांगितलंच नाही.

निघायच्या दिवशी मात्र तिला राहवेना. लेक रागावली तर रागावली, लुगड्याच्या घडीत लपवून नेऊ, असं ठरवून ती धावतच शेजारी गेली.

"कमळे, माझी मूर्ती कुठाय?"

"बाय, देवी म्हनून पुजायला घेतली, पयली आंगोळ घातली, तर लेकराचा हातच निसटला. खंडित मूर्ती घरात ठेवायची नाय. मंग ओटी भरली, हळदकुकू वायलं नि काल खाडीत सोडली."

"आणि तो हात?"

"संगतीच सोडला. लेकराचा हात मागं कसा ठेवू?"

रागवावं तरी कुणावर? पाणी लावू नकोस, एवढं सांगायला तिचीच जीभ रेटली नव्हती. जोकबेद तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. गाव सुटतंय म्हणून रडते, असं वाटून कमळाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नका बाय. तुमी परत याल."

बाहेर टांगा उभा होता. हेप्झिबा हाका मारत होती. जोकबेदनं डोळे पुसले, "बरं केलंस," म्हणाली आणि पोराला दुसऱ्यांदा गमावून टांग्यात जाऊन बसली.